दोन इमारतींमधून जाणारी डेटा केबल आणि विद्युत सुरक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा, सोसायट्या, एमआयडीसीतले कारखाने, दवाखाने अशा ठिकाणी नेटवर्क टाकायचं काम करताना तेच तेच प्रश्न समोर येतात. उत्तरं प्रत्येकाला तोंडी देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावीत असं फार दिवस मनात होतं. हे वायरमन, संगणक प्रयोगशाळेचे शिक्षक, सोसायटीचे सेक्रेटरी आणि सीसीटीव्ही बसवणारी मुलं यांच्यासाठी आहे. मानकांची नावं येतील, पण ती का आली तेही सांगतो.

आमच्या शाळेच्या दोन इमारतींत चाळीसच मीटर अंतर आहे. कॅट-६ (तांब्याची नेटवर्क केबल) तर १०० मीटर चालते. मग सरळ केबल ओढली तर काय बिघडलं?

नेटवर्क चालेल. पहिल्या दिवशी तर फारच छान चालेल. १०० मीटरचा आकडा सिग्नल कुठवर पोचतो एवढंच सांगतो: भिंतीतली ९० मीटर केबल आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड मिळून १० मीटर. केबल सुरक्षित आहे की नाही, याबद्दल तो काहीही सांगत नाही. इमारतीतल्या इमारतीत ९० मीटर फिरणारी केबल आणि अंगण ओलांडून जाणारी १५ मीटरची केबल यांत दुसरी जास्त धोक्याची. विद्युत सुरक्षेच्या हिशेबात लांबीपेक्षा केबलनं उंबरा ओलांडला का, हे आधी बघायचं असतं.

पण त्या केबलमध्ये असतात एक-दोन व्होल्ट. त्यानं कुणाला काय होणार?

सगळा घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

केबलमध्ये आपण काय सोडतो आणि केबलवर बाहेरून काय चढू शकतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इथरनेटचा सिग्नल एक-दोन व्होल्टचाच असतो, हे खरं. पण केबल तांब्याची आहे आणि तिची दोन टोकं दोन वेगळ्या इमारतींत, म्हणजे दोन वेगळ्या अर्थिंगपाशी आहेत. त्या दोन अर्थिंगमध्ये कधी काही कारणानं फरक पडला, तर तो फरक मिटवायला तांब्याची ही बारीक तार आयती सापडते. जवळपास वीज कडाडली, डोक्यावरून गेलेली लाइटची वायर तुटून केबलवर पडली, एखाद्या इमारतीचा न्यूट्रल सुटला, तर आपल्या एक-दोन व्होल्टच्या केबलवर शेकडो किंवा हजारो व्होल्ट येऊ शकतात. तेव्हा तिला कोण हात लावून बसलंय हे केबल बघत नाही.

म्हणून वर्गीकरण करणाऱ्यांनी दोन प्रश्न एकत्र विचारले: नेहमीचा दाब किती, आणि बाहेरून अतिदाब येण्याची शक्यता आहे का?

ते वर्गीकरण नेमकं काय आहे?

माहिती-तंत्रज्ञान उपकरणांच्या सुरक्षेचं आयईसी ६०९५०-१ हे आंतरराष्ट्रीय मानक अनेक वर्षं जगभर वापरात होतं. आपल्याकडे ते आयएस १३२५२ भाग १ या नावानं आहे. भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीमुळे लॅपटॉपच्या अडॅप्टरवर हा आकडा छापलेला तुम्ही पाहिला असेल. त्यात सर्किटांचे चार वर्ग आहेत.

पहिला एसईएलव्ही, म्हणजे सुरक्षित अतिनीच दाबाचं सर्किट. नेहमीच्या वापरात दाब डीसी असेल तर ६० व्होल्टपर्यंत, एसी असेल तर शिखराला ४२.४ व्होल्टपर्यंत. एखादा दोष आला तरी तो धोक्याच्या पातळीवर जाता कामा नये, आणि बाहेरून अतिदाब येण्याची शक्यता नाही. माणसानं हात लावला तरी चालतं. इमारतीच्या आतली नेटवर्क केबल इथे बसते.

दुसरा टीएनव्ही-१ (टीएनव्ही म्हणजे टेलिफोनसारख्या संदेशवहनाच्या जाळ्यावरचा दाब). नेहमीचा दाब एसईएलव्हीच्याच मर्यादेत, पण बाहेरून अतिदाब येऊ शकतो. इमारतीबाहेर गेलेली इथरनेट केबल इथे येते.

तिसरा टीएनव्ही-२. नेहमीचाच दाब एसईएलव्हीपेक्षा जास्त, पण अतिदाबाची भीती नाही. इमारतीच्या आतच फिरणारी ईपीएबीएक्सची (ऑफिसातल्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजची) एक्स्टेन्शन लाइन हे याचं उदाहरण, कारण रिंग वाजते तेव्हा तिच्यावर चांगलाच दाब असतो. जुन्या वायरमनना त्याचा झटका आठवत असेल.

चौथा टीएनव्ही-३: दाबही जास्त आणि अतिदाबाची शक्यताही. खांबावरून येणारी टेलिफोनची तांब्याची लाइन.

तीच केबल, तोच स्विच, तेच व्होल्ट. केबल भिंतीबाहेर पडली की एसईएलव्हीची टीएनव्ही-१ झाली. वर्ग मार्गावरून ठरतो. केबलच्या खोक्यावर तो छापलेला नसतो, तो आपल्यालाच ठरवावा लागतो. माझ्या मते या सगळ्या विषयातली हीच एक गोष्ट नीट डोक्यात बसली, तर पुढचं सगळं आपोआप कळत जातं.

हे मानक आता जुनं झालं ना?

हो. आता आयईसी ६२३६८-१ आलं आहे. युरोप आणि अमेरिकेत २० डिसेंबर २०२० पासून त्यानं ६०९५०-१ ची जागा घेतली, आणि भारतातही ते आयएस/आयईसी ६२३६८-१ म्हणून स्वीकारलेलं आहे. त्यात एसईएलव्ही, टीएनव्ही ही नावं मागे पडली. ऊर्जास्रोतांचे ईएस१, ईएस२, ईएस३ असे वर्ग आले. ईएस१ साधारण जुन्या एसईएलव्हीसारखा (६० व्होल्ट डीसीपर्यंत), ईएस२ ची डीसी मर्यादा १२० व्होल्ट, आणि त्याच्या वर ईएस३, जिथे सामान्य माणसाचा हात पोचताच कामा नये.

बाहेरून येणाऱ्या तारा या मानकात ‘बाह्य सर्किटं’ म्हणून वेगळ्या धरल्या आहेत आणि त्यांच्यावर अतिदाबाची किती मोठी लाट येईल असं मानायचं, तेही दिलेलं आहे. नावं बदलली, पण तार बाहेर गेली की तिचा विचार वेगळा करायचा हे सूत्र तसंच राहिलं. बाजारातली माहितीपत्रकं अजून जुन्या नावांनीच बोलतात, म्हणून दोन्ही ओळखीची असावीत.

नेटवर्कच्या मानकात ‘एन्व्हायर्नमेंट ए’ आणि ‘बी’ असं काहीतरी वाचलं. ते हेच का?

तेच, नेटवर्कवाल्यांच्या भाषेत. पीओई, म्हणजे डेटा केबलमधूनच वीज देण्याची पद्धत, आयईईई ८०२.३ मानकात २००३ मध्ये आली, आणि तिथे हा भेद लिहिलेला आहे. संपूर्ण नेटवर्क आणि त्याला जोडलेली सगळी यंत्रं एकाच इमारतीत आणि एकाच लो-व्होल्टेज वीज वितरण यंत्रणेवर असतील, तर ते ‘ए’. केबल इमारतीची हद्द ओलांडते किंवा दोन वेगळ्या वितरण यंत्रणांमधली सीमा ओलांडते, तर ‘बी’.

या व्याख्येतला ‘किंवा’ महत्त्वाचा आहे. एकाच छपराखाली असूनही तुम्ही ‘बी’ मध्ये असू शकता. त्यावर पुढे लिहिलं आहे.

‘ए’ मध्ये स्विचचे सगळे पोर्ट एकाच ४८ व्होल्टच्या पुरवठ्यावर बांधलेले चालतात. ‘बी’ मध्ये प्रत्येक पोर्ट दुसऱ्या पोर्टपासून विद्युतदृष्ट्या वेगळा असावा लागतो. बाजारातले बहुतेक सर्व पीओई स्विच ‘ए’ साठी बनलेले असतात. पोर्टांचं आपसातलं अलगीकरण महाग पडतं, म्हणून कंपन्या ते करत नाहीत, आणि मानक पाळूनच करत नाहीत. माहितीपत्रकात कुठेतरी बारीक अक्षरात ‘फक्त इमारतीच्या आत वापरण्यासाठी’ अशी ओळ असते. आपण ती वाचत नाही आणि गेटवरच्या कॅमेऱ्याची केबल त्याच स्विचला लावतो. मग चोवीस पोर्टांच्या स्विचमध्ये एका बाहेरच्या पोर्टवरून आलेली लाट आतल्या तेवीस पोर्टांना घेऊन जाते.

आमच्या इमारतीवर वीज पडलीच नाही. पलीकडच्या माडावर पडली. तरी चार पोर्ट कसे गेले?

वीज पडते तिथली जमीन क्षणभर ‘वर उचलली’ जाते. हिशेब शाळेतल्या ओहमच्या नियमाचाच आहे. समजा वीज ३०,००० अँपिअरची आहे आणि जिथे ती जमिनीत शिरली तिथला रोध १० ओहम. गुणाकार करा: ३ लाख व्होल्ट. तेवढा दाब त्या जागेवर उभा राहतो आणि लांब जावं तसा ओसरत जातो. तुमच्या दोन इमारतींपैकी एक त्या माडाजवळ, दुसरी लांब. म्हणजे एका इमारतीचं अर्थिंग दुसरीपेक्षा हजारो व्होल्टनं वर. दोघींना जोडणारी तांब्याची तार कुठली? तुमची कॅट-६.

दुसरा रस्ता हवेतून येतो. दोन इमारतींमध्ये विजेची केबल एका बाजूनं जाते, डेटा केबल दुसऱ्या बाजूनं, आणि दोन्ही टोकांना त्या अर्थिंगमधून जोडल्या जातात. असं एक मोठं वेटोळं तयार होतं. जवळ वीज चमकली की बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं त्या वेटोळ्यात दाब निर्माण होतो. वेटोळं जितकं मोठं, तितका दाब मोठा. इथे कुठल्याच इमारतीला वीज शिवलेलीही नसते.

एप्रिल-मे मधला वळीव आणि परतीचा पाऊस, हे आमच्या धंद्यातले दुरुस्तीचे हंगाम आहेत. एका कॉलेजात ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंत ओढलेल्या केबलच्या टोकाचा स्विच तीन उन्हाळे सलग बदलावा लागला. प्रत्येक वेळी ‘माल निकृष्ट’ म्हणून विक्रेत्याशी भांडण. माल चांगला होता. त्यावर जे येत होतं ते त्याच्यासाठी नव्हतं.

पोर्टमध्ये १५०० व्होल्टचं इन्सुलेशन असतं म्हणतात. ते पुरत नाही का?

असतं, आणि तेच अनेकदा आपल्याला वाचवतं. पोर्टच्या आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यांना मॅग्नेटिक्स म्हणतात. मानकाप्रमाणे त्या अलगीकरणानं १५०० व्होल्ट एसी ६० सेकंद, किंवा २२५० व्होल्ट डीसी ६० सेकंद, किंवा २४०० व्होल्टचे दहा झटके सोसले पाहिजेत. पण वरचा गुणाकार पुन्हा बघा. लाखांच्या घरात गेलेल्या दाबाचा अगदी छोटा हिस्सा जरी केबलवर आला, तरी हे आकडे मागे पडतात.

शिवाय झटक्याचा आकार वेगळा असतो. २४०० व्होल्टचा झटका १.२/५० मायक्रोसेकंदाचा: १.२ मायक्रोसेकंदात चढतो, ५० मायक्रोसेकंदात निम्मा होतो. इमारतीबाहेरच्या तारांसाठी चाचणीची लाट १०/७०० असते. दाब १५०० व्होल्ट, म्हणजे कमी दिसतो, पण निम्मी व्हायला ती ७०० मायक्रोसेकंद घेते. जास्त वेळ म्हणजे जास्त ऊर्जा. आकडा लहान म्हणून चाचणी सोपी असं समजू नये.

पाऊस नाही, वीज नाही, तरी दुसऱ्या इमारतीतून आलेल्या केबलच्या जॅकला हात लावला की झिणझिण्या येतात. हे काय?

दोन शक्यता आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एक तुलनेनं निरुपद्रवी. दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये आवाज गाळणारा एक छोटा कपॅसिटर असतो. अर्थिंग नसलं की त्याच्यामुळे यंत्राचं धातूचं अंग २३० व्होल्टच्या निम्म्यावर तरंगत राहतं. मीटर शंभरेक व्होल्ट दाखवतो, पण त्यामागे प्रवाह एका मिलिअँपिअरपेक्षाही कमी असतो. फक्त मुंग्या येतात. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन तोडून टाकलेल्या यंत्रांतही हेच होतं. कृपा करून ती पिन तोडू नका.

दुसरी शक्यता जिवावर बेतणारी. एका इमारतीचा न्यूट्रल सैल झालाय किंवा अर्थिंग गळून गेलंय, आणि त्या इमारतीचा परतीचा प्रवाह डेटा केबलच्या शील्डमधून (तारांभोवतीच्या धातूच्या पातळ आवरणातून) दुसऱ्या इमारतीत येतोय. इथे मागे अख्ख्या इमारतीचा लोड उभा असतो. केबल काढताना एका हातात जॅक आणि दुसरा हात रॅकवर, म्हणजे प्रवाहाला छातीतून रस्ता.

या दोघांतला फरक बोटानं कळत नाही. झिणझिण्या जाणवल्या तर हात लावणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियनकडून शील्ड व रॅकचं अर्थिंग यांच्यामधला एसी दाब आणि प्रवाह दोन्ही मोजून घ्या. ‘नेहमीच येतात हो’ असं म्हणणारा माणूस भेटला, की मला खरी काळजी वाटते.

मग शील्ड असलेली केबल वापरली तर शील्ड एका टोकाला अर्थ करायची की दोन्ही?

एका टोकाला केली तर प्रवाह फिरत नाही, पण मोकळ्या टोकावर पलीकडच्या इमारतीचा दाब जसाच्या तसा येऊन थांबतो आणि हात लावणाऱ्याची वाट बघतो. दोन्ही टोकांना केली तर तो दाब मिटतो, पण मिटवणारा सगळा प्रवाह त्या पातळ पन्नीतून जातो. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये केबलच्या सोबतीनं जाड तांब्याचा वाहक टाकून ती एकमेकांना बांधली, तर दोन्ही टोकं जोडायला हरकत राहत नाही, कारण प्रवाह जाड वाटेनं जातो. ते जमत नसेल, तर तांब्याची केबलच नको. या प्रश्नाला तिसरं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

आमच्या सर्व्हर रूमला आम्ही वेगळं, स्वतंत्र अर्थिंग केलंय. ते जास्त सुरक्षित ना?

नाही. हा गैरसमज इतका घट्ट बसलाय की त्यावर मला दर महिन्याला वाद घालावा लागतो.

‘इलेक्ट्रॉनिक्सचं अर्थिंग शुद्ध हवं’ म्हणून मागच्या अंगणात वेगळा खड्डा खणतात, कोळसा-मीठ किंवा केमिकल अर्थिंगचा पाइप टाकतात आणि तो इमारतीच्या मुख्य अर्थिंगला मुद्दाम जोडत नाहीत. म्हणजे दोन इमारतींमधला जो घोटाळा आपण टाळायला बघतोय, तोच एका खोलीत आणून बसवला. जवळ वीज पडली की मुख्य अर्थिंग एका पातळीवर, सर्व्हरचा खड्डा दुसऱ्या पातळीवर, आणि मधे तुमचा सर्व्हर. अर्थिंगची भारतीय संहिता आयएस ३०४३ असो की वीजसंरक्षणाचं आयएस/आयईसी ६२३०५, दोन्हींचा रोख एकच आहे: खड्डे कितीही असोत, ते एकमेकांना जोडलेले असावेत. वेगळा खड्डा खणला असेल तर बुजवायची गरज नाही. इमारतीची सगळी अर्थिंग जिथे एकत्र येतात त्या मुख्य अर्थ पट्टीला जोडून टाका.

पीओईचे ४८ व्होल्ट शॉक देतात का?

एकट्यानं नाही. पुरवठ्याचा दाब जास्तीत जास्त ५७ व्होल्ट डीसी ठेवला आहे, आणि तो मुद्दाम ६० च्या आत आहे. शिवाय स्विच आधी दहा व्होल्टच्या आतल्या दाबानं पलीकडे २५ किलोओहमची खूण आहे का हे तपासतो. ती सापडली तरच पूर्ण दाब सोडतो. २०१८ च्या ८०२.३बीटी मध्ये एका पोर्टवर ९० वॅटपर्यंत वीज द्यायची सोय झाली, पण दाबाची मर्यादा हलली नाही. प्रवाह वाढला, त्यामुळे केबलची जुडगी तापण्याचा प्रश्न वाढला. तो वेगळा विषय.

बाजारात मिळणाऱ्या काही ‘पॅसिव्ह’ इंजेक्टरमध्ये (डेटा केबलमध्ये वीज सोडणाऱ्या छोट्या डब्यांमध्ये) ही तपासणी नसते. लावल्या लावल्या दाब चालू. बाहेरच्या केबलवर ते वापरूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

फायबर टाकली की प्रश्न संपतो?

डेटाच्या वाटेचा संपतो. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे एका इमारतीचं अर्थिंग कितीही वर गेलं तरी दुसरीला त्याची खबर लागत नाही. वर्गीकरणाचा प्रश्नच उरत नाही, कारण वर्ग लावायला विद्युत सर्किटच नाही. इमारती-इमारतींमध्ये मी गेली कित्येक वर्षं फायबरच सुचवतो, अंतर वीस मीटर असलं तरी.

लोक म्हणतात महाग. फायबरची तार स्वतः महाग नसते. खर्च होतो तो टोकं जोडायला आणि दोन्हीकडच्या मॉड्यूल किंवा मीडिया कन्व्हर्टरला, म्हणजे प्रकाशाचा सिग्नल परत विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या यंत्राला. तीन उन्हाळ्यांत बदललेले तीन स्विच, त्या दिवसांत बंद राहिलेली प्रयोगशाळा आणि इंजिनिअरच्या फेऱ्या यांची बेरीज कागदावर मांडली की हा मुद्दा बहुतेक तिथेच मिटतो. सिंगल मोड (लांबच्या अंतरासाठीची बारीक गाभ्याची फायबर) घ्या. गिगाबिटला ५ किलोमीटरपर्यंत प्रमाणित अंतर मिळतं आणि पुढे वेग वाढवताना केबल तीच राहते.

एक फट मात्र उरते. कन्व्हर्टरला वीज कुठून देता? दुसऱ्या इमारतीतल्या कन्व्हर्टरला पहिल्या इमारतीतून जोडवायरनं पुरवठा ओढलेला मी पाहिलाय. काच टाकली आणि तिच्या शेजारी तांबं परत आणलं. प्रत्येक टोकाचा पुरवठा त्याच इमारतीचा हवा.

बाजारात आर्मर्ड फायबर मिळते. तिच्यात तर लोखंडी पत्रा असतो.

बरोबर पकडलंत. उंदीर आणि कुदळीपासून वाचवणारा तो पत्रा वीज वाहतो. काही केबलींत मधोमध स्टीलची तारही असते. त्यामुळे आर्मर्ड केबल इमारतीत शिरताच पत्रा तिथेच मुख्य अर्थ पट्टीला बांधायचा आणि रॅकपर्यंत आत न्यायचा नाही. शिरताना सोलून अलग केला की पुढे फक्त काच जाते. पाइपातून जाणार असेल आणि उंदरांचा त्रास नसेल, तर धातू अजिबात नसलेली केबल मागा. विक्रेत्याला ‘ऑल-डायइलेक्ट्रिक’ म्हटलं की कळतं.

तांब्याची केबल आधीच गाडलेली आहे. आत्ता बदलणं शक्य नाही. काय करू?

दोन्ही टोकांना, केबल इमारतीत शिरते त्या जागीच, डेटा लाइनचे सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे अतिदाबाची लाट अर्थिंगकडे वळवणारी उपकरणं, बसवा. एकाच टोकाला बसवून अर्धी सुरक्षा मिळत नाही. पीओई जात असेल तर पीओई चालणारेच घ्या. आयईसी ६१६४३-२१ प्रमाणे तपासलेले घ्या आणि माहितीपत्रकात सी२, डी१ असे चाचणीच्या लाटांचे वर्ग दिलेत का ते बघा. वीज पडण्याची थेट शक्यता असेल तिथे डी१ चा आकडा महत्त्वाचा.

खरी मेख अर्थिंगच्या वायरमध्ये आहे. सरळ वायरच्या प्रत्येक मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री प्रेरण, म्हणजे झपाट्यानं बदलणाऱ्या प्रवाहाला होणारा अटकाव, असतं. प्रवाह मायक्रोसेकंदाला १,००० अँपिअर या वेगानं चढला, तर प्रत्येक मीटरमागे १,००० व्होल्ट. प्रोटेक्टर उत्तम कंपनीचा आणि त्याची अर्थ वायर ऐसपैस पाच मीटर, वर उरलेली गुंडाळी करून टाय बांधलेली: झाले पाच हजार व्होल्ट, वर गुंडाळीचे वेगळे. वायर अर्ध्या मीटरच्या आत, सरळ, गुंडाळी न करता, मुख्य अर्थ पट्टीलाच. ज्या प्रोटेक्टरची हिरवी वायर कुठेच जोडलेली नाही, असेही मला दरवर्षी सापडतात.

बाहेरच्या सगळ्या केबली एका छोट्या वेगळ्या स्विचवर घ्या आणि तो मुख्य स्विचला फायबरच्या तुकड्यानं जोडा. जळला तर तो एकटा जळेल.

गेटच्या खांबावरचा कॅमेरा तर आमच्याच आवारात आहे. तोही ‘बाहेर’ धरायचा?

आवार एक असलं तरी जमीन दुसरी. लोखंडी खांब जमिनीत रोवलेला असतो, म्हणजे तो स्वतःच एक अर्थिंग झाला. कॅमेरा त्याला धातूच्या क्लॅम्पनं बांधलेला असेल, तर ती केबल इमारतीबाहेर गेली असंच धरायचं. याउलट इमारतीच्याच भिंतीवर, सज्जाखाली लावलेल्या कॅमेऱ्याला वेगळी जमीन लागत नाही. तिथला धोका बराच कमी. गच्चीच्या कठड्यावर सगळ्यात उंच जागी लावलेला कॅमेरा मात्र स्वतःच वीज झेलायला उभा केल्यासारखा होतो. तो तडितरक्षकाच्या छायेत, खालच्या पातळीवर आणा.

एकाच शेडमध्ये दोन ट्रान्सफॉर्मर आहेत. अर्धी मशिनरी एकावर, अर्धी दुसऱ्यावर.

मघाचा ‘किंवा’ इथे लागू होतो. दोन वितरण यंत्रणा म्हणजे छप्पर एक असूनही ‘बी’. दोन्ही बाजूंची अर्थिंग एकमेकांना नीट बांधलेली आहेत का ते आधी बघा, आणि त्या सीमेवरून जाताना डेटा फायबरवर घ्या. सोसायटीतले वेगवेगळे फ्लॅट आणि वेगवेगळे मीटर ही गोष्ट निराळी: मीटर वेगळा म्हणून यंत्रणा वेगळी होत नाही. पुरवठा एकाच ठिकाणाहून येतो आणि अर्थिंग एकच आहे, तर यंत्रणा एकच.

केबलवर ‘आउटडोअर’ छापलंय. मग चालेल?

त्याचा अर्थ तिचं काळं पॉलिथिलीन आवरण ऊन-पाऊस सोसेल. बस. ‘सीएम’, ‘सीएमआर’, ‘सीएमपी’ ही अक्षरं आगीत केबल कशी वागेल ते सांगतात. यातलं काहीही अतिदाबाबद्दल बोलत नाही. उलट बाहेरची पॉलिथिलीनची केबल इमारतीत लांबवर आत नेऊ नये, ती आग पसरवते.

वायरलेस लावलं तर?

इमारतींमधली तार गेली, हे चांगलंच. पण गच्चीवरच्या रेडिओपासून खाली खोलीपर्यंत तांब्याची केबल येतेच, आणि तिचं वरचं टोक आवारातल्या सगळ्यात उंच जागी असतं. तिला प्रोटेक्टर लागतोच.

इंटरकॉम, फायर अलार्म, सोलर इन्व्हर्टरची आरएस-४८५ लाइन?

सगळ्यांना हेच नियम. आरएस-४८५ (यंत्रांना आपसात डेटा पाठवणारी दोन तारांची लाइन) विशेष नाजूक, कारण स्वस्त यंत्रांत तिला कसलंच अलगीकरण नसतं. वॉचमनच्या केबिनला जाणारा इंटरकॉम टीएनव्ही-३ मध्ये जातो, आणि त्याचा रिसीव्हर माणसाच्या कानाला लागलेला असतो. वीज कडाडत असताना त्यावर बोलू नका.

इतर देशांत याचे कायदे काय आहेत?

अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत संहिता बघण्यासारखी आहे. विजेचा धोका असलेल्या, इमारतींमधून जाणाऱ्या संदेशवहनाच्या तारांना ती दोन्ही टोकांना प्रोटेक्टर मागते. धोका कुठे नाही असं मानता येईल, याचे काही प्रसंगही ती सांगते: मोठ्या शहरातला दाट इमारतींचा भाग, किंवा ४२ मीटरपर्यंतची, जमिनीखालून गेलेली आणि दोन्ही इमारतींच्या अर्थिंगला बांधलेल्या अखंड धातूच्या आवरणातली केबल, किंवा जिथे वर्षाला पाचच्या वर गडगडाटी दिवस नसतात आणि जमिनीची रोधकता १०० ओहम-मीटरच्या आत आहे असा प्रदेश. शेवटची सवलत त्यांच्या पॅसिफिक किनाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून आहे. आपल्याकडे पाच गडगडाटी दिवस तर एका वळवाच्या हंगामातच होतात, आणि कोकणचा जांभा नि देशावरचा काळा खडक अर्थिंगला किती त्रास देतात हे खड्डा खणणाऱ्याला विचारा.

निविदेत नेमकं काय लिहायचं?

मी असं लिहून देतो: ‘दोन इमारतींमधील किंवा दोन वेगळ्या वीज वितरण यंत्रणांमधील प्रत्येक डेटा जोडणी धातूविरहित ऑप्टिकल फायबरवर असावी. अपवादात्मक परिस्थितीत तांब्याची केबल वापरल्यास ती इमारतीबाहेरील सर्किट समजून दोन्ही टोकांना प्रवेशबिंदूवर सर्ज प्रोटेक्टर बसवावेत व ते मुख्य अर्थ पट्टीला अर्ध्या मीटरच्या आत जोडावेत.’ एवढं लिहिलं नाही, तर सगळ्यात कमी दर भरणारा कॅट-६ च ओढणार. त्याला दोष देता येत नाही, तुम्ही मागितलंच नव्हतं.

केबलवर काम करताना आमच्या मुलांनी काय पाळावं?

दुसऱ्या इमारतीतून आलेली प्रत्येक तांब्याची केबल मोजेपर्यंत जिवंत समजायची. मल्टिमीटरचं एक टोक शील्डला किंवा तारेला, दुसरं रॅकच्या अर्थिंगला, आधी एसी मग डीसी. दोन-चार व्होल्टच्या वर एसी दिसला तर काम थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवायचं, हा माझ्या टीमचा नियम आहे. आकडा शून्य दिसला तरी क्लॅम्प मीटरनं शील्डमधला प्रवाह बघायचा, कारण जोडलेल्या शील्डवर दाब दिसत नाही. तो शील्ड सोडवल्याच्या क्षणी उभा राहतो. सोडवण्याआधी दोन बाजूंमध्ये तात्पुरती जोडवायर लावायची. आणि आभाळ गडगडायला लागलं की खांबावरून, गच्चीवरून, डक्टमधून खाली. काम उद्या करता येतं.

फायबर टाकली. जुनी कॅट-६ डक्टमध्येच राहू दिली तर चालेल का?

शक्य असेल तर ओढून काढा. ‘असू दे, कधी लागलीच तर’ म्हणून ठेवलेली केबल कुणीतरी नवीन मुलगा दोन वर्षांनी स्विचमध्ये खोचतोच, आणि फायबरवर केलेला सगळा खर्च वाया जातो. निघतच नसेल तर दोन्ही टोकं रॅकपासून दूर, प्रवेशबिंदूवरच कापा, आठही तारा एकत्र करून त्या त्या इमारतीच्या मुख्य अर्थ पट्टीला बांधा, पण हे दोन्ही इमारतींची अर्थिंग जाड वाहकानं जोडलेली असतील तरच. नसतील, तर दोन्ही टोकं इन्सुलेट करून बंद डब्यात ठेवा आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा: ‘दुसऱ्या इमारतीची तार. जोडू नये.’ तारीख टाका, आणि लिहिताना न पुसणारं मार्कर वापरा.